गळाच्या काठीवरचा शिंपला

(द्वितीय वर्ष, कला)

“मासा काय काठी बगून येतो काय रं?”

माझ्या आजोबांनी हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या हातात कानस होती, मांडीवर त्यांची गळाची काठी होती आणि पायाशी शिंपल्याचा पांढरा भुगा पडला होता. मी हसून वेळ मारून नेली. पुढे दोन महिन्यांत त्या काठीचे जे झाले त्यानंतर मात्र त्या प्रश्नाचा नीट विचार करणे मला भाग पडले. हाताने बनविलेल्या गळाच्या काठीवर शिंपल्याचे जडावकाम कसे करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ते कोठे करू नये, हा त्याच विषयाचा अर्धा भाग असून तो मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे.

आमचे घर कल्याणच्या खाडीकाठी आहे. उल्हास नदी कल्याणपाशी येईतो खाडी झालेली असते. तेथून ती डोंबिवली, मुंब्रा असे वळण घेत ठाण्याच्या उत्तरेने घोडबंदरकडे जाते आणि वसईला समुद्रास मिळते. ठाण्याजवळ एका चिंचोळ्या फाट्याने ती ठाण्याच्या खाडीलाही जोडलेली आहे. या ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली तिची रामसर स्थळांच्या यादीत नोंद झाली. गाडीतून पारसिकच्या बाजूने जाताना ज्या पाण्याकडे आपण नाक मुठीत धरून बघतो, त्याला एवढा मान आहे हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

या पाण्यात डोल, पाग आणि गळ तिन्ही चालतात. डोल आणि पाग ही पोटाची साधने. गळ हे म्हाताऱ्या माणसाचे आणि पोराटोरांचे साधन, असे आमच्याकडे मानतात. आजोबांनी उमेदीच्या वयात पाग टाकला; आता खांदा साथ देत नाही म्हणून ते गळ घेऊन बसतात. भरती चढू लागली की कोळंबीचे आमिष लावायचे आणि काठी धरून बसायचे. बहुतेक वेळा शिंगाळा लागतो, कधी बोईट. जिताडा लागला तर ती गोष्ट घरात चार दिवस पुरते.

त्यांची काठी माणग्याची होती. माणगा ही कोकणातली बांबूची जात. तिला काटे नसतात आणि बुंध्याकडचा भाग जवळजवळ भरीव असतो. त्यामुळे छत्रीचे दांडे, गळाच्या काठ्या अशा कामांसाठी ती नावाजलेली आहे. आमच्या एका नातलगाने वीसएक वर्षांपूर्वी कणकवलीकडून चार काठ्या आणल्या होत्या, त्यांतली ही शेवटची. आजोबांनी ती पावसाळ्यानंतर तोडलेली पाहून घेतली, तीन आठवडे खाडीच्या पाण्यात बुडवून ठेवली आणि मग सावलीत वाळवली. पाण्यात ठेवल्याने बांबूतील पिठूळ अंश निघून जातो व भुंगा लागत नाही. हे शास्त्र त्यांना पुस्तकातून कळलेले नाही. वाकडी कांडी त्यांनी शेगडीच्या धगीवर धरून, तेलाचा हात फिरवून, गुडघ्याखाली दाबून सरळ केली. बांबू तापला की मऊ होतो आणि थंड होईपर्यंत जसा धरावा तसा राहतो. अशी ती काठी सुमारे सहा हात लांब, बुंध्याशी अंगठ्याएवढी आणि टोकाला करंगळीहून बारीक होती.

बांबूचा विषय निघाला म्हणून सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप नावाच्या बंदुका बनविणाऱ्या कारागिराने बांबूच्या चिरफळ्या चिकटवून गळाच्या काठ्या बनविल्या. त्या काळी तिकडे वापरला जाणारा बांबू ‘कलकत्ता’ या नावाने ओळखला जाई, कारण तो त्या बंदरातून जात असे. तो मुख्यत्वे आपल्याकडे मानवेल म्हणतात त्याच जातीचा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात तो उदंड आहे. पुढे विसाव्या शतकात चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली, आणि नंतर काचतंतूच्या व कार्बनच्या काठ्या आल्या. पवईच्या तलावावर हौशी मंडळींच्या हातात आता अशाच काठ्या दिसतात. आमच्या खाडीवर अजून बांबू आहे, कारण तो स्वस्त आहे.

जडावकामाची कल्पना मला दोन ठिकाणांहून मिळाली. एका परदेशी काठीचे चित्र मी पाहिले. तिच्या मुठीत निळ्या-हिरव्या शिंपल्याचे कडे बसविले होते. तो शिंपला न्यूझीलंडच्या समुद्रातील ‘पाउआ’ नावाचा. दुसरे ठिकाण म्हणजे आमच्या महाविद्यालयातील संगीताच्या खोलीतला मिरजेचा तंबोरा. त्याच्या कडेने जाणारी पांढरी नक्षी मला नेहमी शिंपल्याची वाटे. सरांना विचारले तेव्हा कळले की जुन्या वाद्यांवर हस्तिदंत असे, आता प्लास्टिक असते. मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकात शिकलगारांनी, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या कारागिरांनी उभा केला. शस्त्रांचे दिवस सरल्यावर तेच हात वाद्याकडे वळले. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तलवारीचा हात तंबोऱ्यावर चालतो, तर गळाच्या काठीवर शिंपला का चालू नये, असे मला वाटले. त्यातच महाविद्यालयात हस्तकलेचे प्रदर्शन जाहीर झाले, आणि मी आजोबांकडे काठी मागितली. “कालेजात ह्येच शिकवतात काय?” असे म्हणून त्यांनी ती दिली. आमच्या घरातून महाविद्यालयात गेलेला मीच पहिला. त्यामुळे तेथे काय शिकवतात याविषयी माझा शब्द प्रमाण मानला जातो. त्याचा मी थोडा गैरफायदा घेतला हे कबूल करतो.

मी काय केले ते आता सांगतो. हाताच्या पकडीपासून दीड हात वर, डोळ्यांना सहज दिसेल अशा जागी, मी काठीभोवती दीड मिलिमीटर खोल आणि बोटभर रुंद अशी गोल खाच कोरली. तीत शिंपल्याचे नऊ शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे फेविकॉलने बसविले, फटीत लाकडाचा भुसा भरला आणि वरून फ्रेंच पॉलिश दिले. काठी फार सुरेख दिसू लागली. प्रदर्शनात पाहुण्यांनी ती हातात घेऊन पाहिली. तेथे ती वाकवून कोणी पाहिली नाही.

पुढल्या उधाणाच्या भरतीला आजोबा ती घेऊन बसले. पहिल्याच शिंगाळ्याला दोन तुकडे उडून पाण्यात गेले. पॉलिश पाण्याने पांढरे पडले. आठवड्याने एक जड मासा लागला तेव्हा काठी त्या खाचेतच मोडली. आजोबांनी दोन्ही तुकडे घरी आणले, पडवीत भिंतीला टेकवून ठेवले, आणि एवढेच म्हणाले, “इथं वाकायची जागा होती तिची. तिथंच तू कापलंस.” ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसरा डोळा अंधुक आहे. ती काठी त्यांना न बघता वापरता येत असे. वीस वर्षांची सवय नव्या काठीत लगेच येत नाही.

मी काय कापले होते हे मला नंतर समजले. बांबू आडवा कापून त्याच्या छेदाकडे पाहिले तर बारीक काळसर ठिपके दिसतात. ते तंतूंचे जुडगे. आतल्या बाजूला ते विरळ असतात, आणि जसजसे सालीकडे यावे तसतसे दाट होत जातात. बांबूचे बळ या सालीलगतच्या तंतूंत असते. म्हणूनच चिरफळ्यांच्या काठ्या बनविणारे कारागीर आतला मऊ भाग तासून टाकतात आणि साल बाहेर राखतात. मी नेमकी साल कोरून काढली होती.

दुसरा हिशेब शास्त्र शाखेतील एका मित्राने मला करून दिला. भरीव गोल दांड्याचा ताठपणा त्याच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. खाचेच्या जागी काठीची त्रिज्या आठ मिलिमीटर होती. सगळ्या बाजूंनी दीड मिलिमीटर गेले, म्हणजे साडेसहा उरले. साडेसहा भागिले आठ, आणि त्याचा चौथा घात केला तर उत्तर येते ०·४४. दीड मिलिमीटरच्या खाचेने त्या जागेचा निम्म्याहून अधिक ताठपणा गेला होता. बांबूचे बळ बाहेरच अधिक असल्यामुळे खरे नुकसान याहूनही जास्त. मग काठी इतरत्र कशाला वाकेल? सगळा बाक त्या एका जागी गोळा झाला.

तिसरी गोष्ट शिंपल्याची. काठी वाकते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली आखडते. एक सेंटिमीटर जाडीची काठी एक मीटर त्रिज्येच्या कमानीत वाकली, तर तिचा बाहेरचा पृष्ठभाग दर मीटरला पाच मिलिमीटर लांबतो. बांबूला हे काहीच नाही. शिंपला ताणला जात नाही. तो एकतर चिरतो किंवा निसटतो. माझे तुकडे निसटले, त्यात फेविकॉलचाही वाटा होता, कारण पाण्यात तो मऊ पडतो.

हे कळल्यावर मी जडावकामाची जुनी उदाहरणे निराळ्या नजरेने पाहू लागलो. सोळाव्या-सतराव्या शतकांत गुजरातमध्ये शिंपल्याने मढविलेल्या पेट्या, तबके, कटोरे बनत आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून युरोपात जात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांचे नमुने आहेत. काही ठिकाणी तुकडे काळ्या राळेत बसविलेले आहेत, काही ठिकाणी पितळेच्या बारीक खिळ्यांनी ठोकलेले आहेत. फत्तेपूर सिक्रीला सलीम चिश्तींच्या कबरीवर शिंपल्याच्या तुकड्यांनी मढविलेली छत्री आहे. पेटी, तबक, छत्री, तंबोरा – यांतले काहीही वाकत नाही. तंबोऱ्याच्या तारा कंप पावतात, पण नक्षी असते ती दांडीवर आणि भोपळ्याच्या कडेला. ज्या परदेशी काठीचे चित्र पाहून मी भुललो होतो तिच्यातही कडे मुठीत होते. मी चित्र पाहिले, जागा पाहिली नाही.

तेव्हा काठीवर शिंपला बसवायचा तर तो मुठीत, आणि मूठ लाकडाची वेगळी करून तिच्यात. अशी दुसरी काठी मी या वर्षी केली. काठी यावेळी मानवेलाची, कल्याणच्या बाजारात शिड्यांचे बांबू विकणाऱ्याकडून घेतलेली. ती आजोबांनीच निवडली. ज्यांना करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी पद्धत पुढे देत आहे.

प्रथम शिंपला. आमच्या खाडीत मिळणारे सगळेच शिंपले उपयोगी नाहीत. कालवाचे कवच आतून पांढरे असले तरी खडूसारखे असते आणि त्याचे पापुद्रे सुटतात. तिसऱ्या टणक, वरून नक्षीदार, पण त्यांना मोत्याची झळाळी नसते. रत्नागिरी-मालवणकडचे शिनाणे आतून निळसर चमकते, मात्र कवच पातळ. मला सर्वांत चांगला सापडला तो गोड्या पाण्यातील शिंपला. गावच्या तळ्यातला गाळ उन्हाळ्यात काढला तेव्हा रिकामी कवचे ढिगाने वर आली होती. बाहेरून ती काळपट-हिरवी, मातकट. आतून पाहावे तर दुधात गुलाबी छटा मिसळल्यासारखी. नद्या-तळ्यांतल्या याच प्रकारच्या शिंपल्यांपासून बिहारमध्ये मेहसी या गावी विसाव्या शतकाच्या आरंभापासून शर्टाची बटणे करीत आले आहेत. पाउआ विकत मिळतो, पण एका पत्र्याच्या किमतीत आजोबांचे महिन्याचे आमिष येईल.

येथे एक सूचना. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत २००१ साली काही शंख-शिंपल्यांचा समावेश झाला. नॉटिलस, महाकाय क्लॅमच्या जाती, ट्रोकस, त्याचप्रमाणे गुजरातच्या त्या जुन्या पेट्यांत वापरलेला हिरवा टर्बो शंख हे त्यांत आहेत. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी जो पातळ, अर्धपारदर्शक शिंपला बसवीत, तोही आहे. समुद्रकाठच्या दुकानात कोणी असले काही स्वस्तात देऊ लागला तरी घेऊ नये. तळ्याच्या गाळातील मेलेली कवचे कोणाचे काही बिघडवीत नाहीत.

शिंपला झळकतो कशामुळे, हेही थोडे समजून घेतले पाहिजे, कारण कानस कोठे थांबवायची ते त्यावरून कळते. आतला मोतिया थर हा चुनखडीच्याच एका रूपाच्या अतिसूक्ष्म वड्यांचा बनलेला असतो. एक वडी साधारण एका मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी जाड, आणि अशा हजारो वड्या विटांसारख्या रचलेल्या. त्या थरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि रंग दिसतात. साबणाच्या फुग्यावर दिसतात तसेच हे. शिंपल्यात रंगद्रव्य नसते. म्हणून तुकडा फिरवला की रंग बदलतो. चिकटविण्याआधी प्रत्येक तुकडा ओला करून, उजेडात फिरवून त्याची चांगली बाजू ठरवावी आणि पेन्सिलीने खूण करावी. मी पहिल्या वेळी हे केले नव्हते. नऊपैकी चार तुकडे समोरून पाहता मेलेल्या डोळ्यासारखे दिसत. आणखी एक, शिंपला साफ करण्यासाठी लिंबू किंवा व्हिनेगर वापरू नये. चुना आम्लात विरघळतो आणि चकाकी जाते. साबणाचे पाणी आणि जुना टूथब्रश पुरे.

कवच कापताना आणि घासताना ते नेहमी ओले ठेवावे आणि तोंडावर मास्क बांधावा. शिंपल्याची कोरडी पूड छातीत जाणे वाईट. माझ्या आईने पहिल्या दिवशीच मला घराबाहेर काढले होते ते निराळ्या कारणाने, वासाने. पण परिणाम चांगला झाला. कापायला फ्रेटसॉ आणि त्याचे सर्वांत बारीक दातांचे पाते घ्यावे. शिंपला पोलादापेक्षा मऊ आहे, घाई केली नाही तर नीट कापला जातो. बाहेरची काळी साल धार लावायच्या दगडावर पाणी घालून घासून काढावी आणि तुकडा सव्वा मिलिमीटर जाडीचा करावा.

तुकडे किती रुंद असावेत? येथेच बहुतेक नवशिके फसतील. मूठ गोल आणि शिंपला सपाट. समजा मुठीची त्रिज्या चौदा मिलिमीटर आहे. सहा मिलिमीटर रुंदीचा सपाट तुकडा मध्यभागी पृष्ठभागाला मिळता बसविला, तर त्याच्या दोन्ही कडा वर्तुळाबाहेर जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर उचललेल्या राहतात. तेवढ्या कानशीने घासून गोलाईत आणता येतात. तोच तुकडा बारा मिलिमीटर रुंद घेतला तर कडा जवळजवळ तेराशतांश सेंटिमीटर, म्हणजे एक पूर्णांक तीन दशांश मिलिमीटर वर येतात. तुकड्याची जाडीच सव्वा मिलिमीटर, तेव्हा घासता घासता कडेचा शिंपला संपून खालचा चिकटा दिसू लागतो. गोल वस्तूवर अरुंद तुकडे हा नियम धरून चालावे. लांबी काठीच्या दिशेने हवी तेवढी ठेवता येते.

मूठ सागाची किंवा शिसवाची. डोंबिवलीत फर्निचरवाल्याकडे उरलेले तुकडे मिळतात. वीतभर लांबीचा ठोकळा कातीव काम करणाऱ्याकडून गोल करून आणि मधून भोक पाडून घेतला. याला फार पैसे पडत नाहीत, मात्र भोक काठीच्या बुंध्याहून किंचित मोठे असावे. बांबू पावसाळ्यात आडवा फुगतो, लांबीत फारसा फुगत नाही. भोक घट्ट असेल तर लाकूड तडकते. मधली फट चिकट्याने भरते.

लाकडावर तुकडा ठेवून टोकदार सुरीने त्याभोवती रेघ ओढायची. पेन्सिलीची रेघ जाड पडते. मग बारीक पटाशीने रेघेच्या आतून, आधी कडा आणि मग पोट, असे कोरावयाचे. खोली एक मिलिमीटर. म्हणजे तुकडा थोडा वर राहतो. खाच जरा खोल झाली तर खाली भुसा मिसळलेला चिकटा घालून पातळी उचलावी. चिकटा म्हणून दोन नळ्यांतला अरलडाइटच वापरावा, कारण तो पाण्याला दाद देत नाही आणि फटीही भरतो. पूर्वीचे कारागीर राळ आणि लाख वापरीत. पेटीसाठी ते ठीक, पण लाख उन्हात मऊ पडते, आणि काठी तर उन्हातच असते. फटींसाठी अरलडाइटमध्ये शिसवाचा भुसा कालवला की काळसर रेघ येते आणि शिंपला अधिक उठून दिसतो. चोवीस तास हात लावू नये. मला हे सर्वांत अवघड गेले.

दुसऱ्या दिवशी कानशीने, नेहमी शिंपल्याकडून लाकडाकडे अशा दिशेने, वर आलेल्या कडा उतरवाव्यात. उलट दिशेने कानस चालविली तर कडेचे टवके उडतात. त्यानंतर पॉलिश पेपर पाण्यातून – २२०, ४००, ८०० आणि १२०० नंबरचा. घासताना मधूनमधून पुसून पाहावे. रंग पुरा उघडला की थांबावे. शेवटी पॉलियुरेथेनचे दोन पातळ हात. फ्रेंच पॉलिशचे काय होते ते वर सांगितलेच आहे.

काठीवर मूठ बसविण्याआधी एक काम राहते. प्रत्येक बांबूला एक ताठ बाजू असते. काठीचे टोक जमिनीला टेकवून बुंधा एका हाताच्या तळव्यावर ठेवावा, दुसऱ्या हाताने मध्ये दाबून काठी फिरवावी. एका ठिकाणी ती आपण होऊन गपकन वळते आणि स्थिर होते. त्यावरून ताठ बाजू ओळखता येते. मासा ओढतो तेव्हा ही बाजू नेमकी वर किंवा खाली हवी. बाजूला असेल तर काठी हातात पिळवटते. जुन्या काठीची ताठ बाजू आजोबांना पेरावरच्या एका डोळ्यावरून समजत असे. नव्या काठीवर त्यांनी त्या जागी दोरा बांधला होता. दोरा भिजून सैल होई, घसरे, आणि संध्याकाळच्या उजेडात तो त्यांना दिसतही नसे.

मी मुठीवर पाच तुकडे बसविले होते, चार चौकोनी आणि अंगठ्याच्या जागी एक गोल. सगळे घासून एका पातळीत आणले आणि काठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी मूठ फिरवली. अंगठा गोल तुकड्यावर दोनदा नेला.

“ह्यो लागत नाय हाताला,” ते म्हणाले. “जरा वर राहू दे की.”

मी तो गोल तुकडा गरम सुरीने चिकटा मऊ करून काढला, खाली भर घातली आणि तांदळाच्या दाण्याएवढा वर ठेवून, कडा गोल करून पुन्हा बसविला. मूठ अशी लावली की तो तुकडा ताठ बाजूच्या बरोबर रेषेत येईल. त्यानंतर काठी हातात घेताना आजोबा तिच्याकडे बघत नाहीत. मूठ धरतात, ती तळव्यात थोडी फिरते, अंगठा शिंपल्यावर येऊन थांबतो, आणि मग ते गळ टाकतात. परवा अमावास्येच्या भरतीला अंधार पडेपर्यंत बसले होते. दोन शिंगाळे आणि एक बोईट घेऊन आले. उरलेल्या कवचांतून आणखी एक गोल तुकडा कापून ठेव, असे त्यांनी मला सांगितले आहे. शेजारच्या काकांच्या काठीला पाहिजे आहे.